चपलांच्या कपाटावरचा राउटर

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सदनिकेत फायबरची जोडणी झाली, त्या दिवशी जोडणीसाठी आलेल्या मुलाने ओएनटीचा (फायबरमधला प्रकाश-संकेत राउटरला चालेल अशा रूपात बदलणारा) डबा आणि राउटर, दोन्ही दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेवले, कारण वायर तेथवरच पोहोचत होती. पुढचे तीन महिने आतल्या खोलीतून काम करणाऱ्या माझ्या पत्नीच्या मीटिंगमध्ये आवाज तुटत राहिला आणि आम्ही दोघेही प्लॅनला दोष देत राहिलो. महागडा प्लॅन घेण्यापूर्वी एकदा कपाटापाशी उभे राहून वेग मोजला, तेव्हा तो ९४ एमबीपीएस भरला. आतल्या खोलीत जेमतेम ९. इंटरनेट दारापर्यंत नीट येत होते, घरातच वाया जात होते.

मधे आरसीसीच्या दोन भिंती आणि आरसा लावलेले लोखंडी कपाट होते. राउटरच्या वायफायपैकी ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना वेग चांगला मिळतो, पण भिंत ओलांडताना त्या लवकर क्षीण होतात, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, पण उंच इमारतीत त्या पट्ट्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची दाटी असते. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये आमच्या खोलीत ३१ नेटवर्क दिसली आणि त्यांतली बरीचशी चॅनल ६ वर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या एकाच उपविभागावर, होती. या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनल दिसत असले, तरी दोन चॅनलमधले अंतर अवघे ५ मेगाहर्ट्झ आणि प्रत्येक प्रक्षेपणाची रुंदी साधारण २० मेगाहर्ट्झ असल्यामुळे सहसा १, ६ आणि ११ हे तीनच निवडतात, कारण ते एकमेकांवर चढत नाहीत. मी ११ निवडला, रुंदी २० वर ठेवली, ओएनटी जागच्या जागी राहू दिला आणि लॅन केबल भिंतीच्या कडेने नेऊन राउटर पॅसेजमधल्या उंच फळीवर, घराच्या मध्यावर बसवला. आता आतल्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर सत्तरच्या आसपास वेग मिळतो.

त्याच दिवशी १९२.१६८.१.१ या पत्त्यावरच्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर लॉगिन केले, तर युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही 'अ‍ॅडमिन' निघाले. हे मात्र मला खरोखर अक्षम्य वाटते, कारण वायफायचा पासवर्ड कळलेला कोणीही त्या पानावर जाऊन सगळी सेटिंग बदलू शकला असता. पासवर्ड बदलला, फर्मवेअर (राउटरमधले सॉफ्टवेअर) अपडेट केले आणि बटण दाबून किंवा पिन देऊन वायफाय जोडण्याची डब्ल्यूपीएस ही सोय बंद केली. त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने सुमारे ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, ही उणीव २०११ मध्येच उघड झाली होती. जुना टीव्ही डब्ल्यूपीए३ ही वायफाय-सुरक्षेची नवी पद्धत स्वीकारत नसल्यामुळे डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालतील असा पर्याय ठेवला.

गणपतीत दर्शनाला आलेली मंडळी प्रसाद घेता घेता वायफाय मागतात आणि त्यांना नाही म्हणवत नाही. त्यांच्यासाठी वेगळे गेस्ट नेटवर्क सुरू केले आहे. त्यातून इंटरनेट मिळते, पण आमचे लॅपटॉप आणि प्रिंटर दिसत नाहीत. यंदा मखराशेजारच्या भिंतीवर त्याचाच क्यूआर कोड लावणार आहे.