दहा सेकंदांची भोवळ आणि एमएसची भीती

रात्री कूस बदलली, छत गरगर फिरलं, वीस सेकंदांत थांबलं. सकाळी मोबाइलवर शोधाशोध केली की पित्त, मान, बीपी यांच्या मागोमाग ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ (एमएस) हे नाव येतंच. वाचणारी तिशीतली बाई असेल तर पोटात गोळाच येतो, कारण एमएसची सुरुवात साधारण २० ते ४० या वयात होते आणि बायकांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. पण वय सोडून इथे पहिल्यांदा बघायचं ते घड्याळ.

एमएसमध्ये प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करते: मेंदूत, मज्जारज्जूत, डोळ्याच्या नसेत. तिथे सूज येते. सूज चढायला तास-दिवस लागतात, उतरायला आठवडे. ती वीस सेकंदांत येऊन जात नाही. म्हणूनच निदानासाठी वापरतात त्या मॅकडॉनल्ड निकषांत त्रास निदान २४ तास टिकलेला असावा आणि त्या वेळी ताप किंवा संसर्ग नसावा, तरच त्याला ‘अटॅक’ धरतात. सोमवारी दहा सेकंद, गुरुवारी पंधरा सेकंद, मधले दिवस ठणठणीत, हे एमएसच्या सुरुवातीचं नेहमीचं चित्र नव्हे.

‘चक्कर येते’ एवढ्यावर डॉक्टरांना काहीच कळत नाही. मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, ते वापरावेत. खोली फिरते ती भोवळ. तिचं मूळ बहुतेकदा आतल्या कानात. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, ती रक्तदाबाची किंवा हृदयाची बाब. डोकं स्थिर, पण चालताना झोक जातो, तेव्हा पाय, मज्जारज्जू, लहान मेंदू तपासायचे.

सेकंदांच्या भोवळीचं सगळ्यात मोठं कारण बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की येणारी कानातली भोवळ. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण एका पिशवीत चिकटलेले असतात. ते सुटून अर्धवर्तुळाकार नळीत, बहुधा मागच्या नळीत, घरंगळतात. डोकं हललं की नळीतला द्रव ढवळतो आणि आपण स्थिर असताना मेंदूला ‘फिरतोय’ असा निरोप जातो. कण तळाशी बसले की भोवळ थांबते. म्हणून ती एका मिनिटाच्या आत संपते. कूस बदलणं, माळ्यावरचा डबा काढायला मान वर करणं, केस धुताना वाकणं ही तिची ठरलेली निमित्तं. यात ऐकू कमी येत नाही, हातापायाला मुंग्या येत नाहीत. मानेचा एक्स-रे काढून ‘स्पॉन्डिलायटिस’वर खापर फोडायची आपल्याकडे फार सवय आहे, त्या एक्स-रेतून या कणांबद्दल काहीही कळत नाही.

तपासणी म्हणजे डिक्स-हॉलपाइक. बसलेल्या माणसाची मान ४५ अंश एका बाजूला वळवायची, झटकन आडवं करून डोकं पलंगाच्या कडेखाली साधारण २० अंश झुकवायचं आणि डोळे उघडे ठेवायला सांगायचे. बीपीपीव्ही असेल तर काही सेकंद थांबून बुबुळं गोलसर, वरच्या दिशेने झटके देतात आणि मिनिटभरात शांत होतात. झटके लगेच सुरू झाले, सरळ खालच्या दिशेने आले, डोकं तसंच ठेवलं तोवर थांबलेच नाहीत, तर दोष कानाचा नसून ब्रेनस्टेमचा (मेंदूच्या देठाचा) किंवा लहान मेंदूचा असू शकतो. तिथे एमआरआय हवा.

उपचार म्हणजे एप्ली, कण नळीतून बाहेर काढायची कसरत. डिक्स-हॉलपाइकच्याच स्थितीत ३० ते ६० सेकंद थांबायचं, मान ९० अंश दुसऱ्या बाजूला, पुन्हा थांबायचं, मग अंगासकट त्याच कुशीवर वळून नाक जमिनीकडे, पुन्हा थांबायचं आणि हनुवटी खाली ठेवून उठायचं. बहुतेकांना एक-दोन खेपांत आराम पडतो. घरी व्हिडिओ बघून करणाऱ्यांचं चुकतं ते तीन ठिकाणी: बाजू उलटी निवडतात, डोकं पुरेसं झुकवत नाहीत, भोवळ आली की घाबरून मध्येच उठतात. पहिली खेप डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टच्या हातून घ्यावी. मानेचा गंभीर त्रास असेल तर घरी करूच नये.

अंधारी येत असेल तर घरचं बीपीचं यंत्र पुरतं. पाच मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर कारण सापडलंच म्हणा. हिमोग्लोबिन आणि बी१२ बघून घ्या. बी१२ची कमतरता शाकाहारी घरांत भरपूर, आणि मुंग्या-झोक देऊन ती एमएसची हुबेहूब नक्कलही करते.

घड्याळाच्या नियमाला एक अपवाद आहे. एमएसमध्ये काही सेकंद ते दोन मिनिटांचे झटके येऊ शकतात: अचानक जीभ जड होते, बोलणं अडखळतं, तोल जातो, किंवा एक हात-पाय आखडतो. पण ते दरवेळी अगदी सारखे असतात, दिवसातून अनेकदा येतात आणि असे दिवसच्या दिवस चालतात. नुसती भोवळ त्यात क्वचितच असते. कार्बामाझेपिन या फिटवरच्या औषधाच्या छोट्या मात्रेने ते बहुधा आवरतात.

एमएसमुळे येणारी खरी भोवळ दिवसेंदिवस टिकते आणि सहसा एकटी येत नाही. सोबत एकाचं दोन दिसणं, चेहऱ्याच्या एका बाजूला बधिरपणा, चालताना झोक. आधीच्या महिन्यांतलंही आठवून पाहा: एका डोळ्याने धूसर दिसून तो फिरवताना दुखला होता का, लाल रंग फिका वाटला होता का? कमरेखाली आठवडाभर बधिरपणा? मान वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखं? यातलं काही असेल तर न्यूरोलॉजिस्ट गाठा. भारतात एमएस पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी दिसतो. मुंबईच्या पारशी समाजात मात्र तो बाकीच्यांपेक्षा जास्त आढळल्याची नोंद १९८०च्या दशकातली आहे.

अचानक सुरू होऊन न थांबणारी भोवळ, सोबत बोलणं अडखळणं, उभंही राहता न येणं किंवा नवीन तीव्र डोकेदुखी असेल तर एमएसचा विचार बाजूला ठेवा. तो स्ट्रोक असू शकतो. थेट इमर्जन्सीत जा.

‘एकदाचा एमआरआय काढून टाकू’ हा मोह समजतो, पण त्यात एक खोच आहे. मायग्रेन, रक्तदाब आणि नुसतं वय यांनीही मेंदूत पांढरे ठिपके दिसतात. रिपोर्टात ‘नॉनस्पेसिफिक’ (नेमकं कारण न सांगणारे) ठिपके आणि पुढे प्रश्नचिन्ह लावून ‘डिमायलिनेशन’ (मायलिन झडणं) लिहिलेलं असलं की झोप उडते. एमएसचे डाग ठरावीक जागी असतात: मेंदूतल्या पोकळ्यांना लागून, बाह्यकवचाला चिकटून, ब्रेनस्टेम-लहान मेंदूत, मज्जारज्जूत. जागा आणि लक्षणं जुळल्याशिवाय नुसत्या ठिपक्यांवरून निदान होत नाही.

तपासणीला जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: वेळ, किती सेकंद (मोबाइलच्या स्टॉपवॉचने; अंदाजाने सगळे ‘दहा मिनिटं’ सांगतात), तेव्हा काय करत होता, ऐकण्यात फरक, डोकेदुखी. घरच्या कुणीतरी भोवळीत डोळ्यांचा जवळून व्हिडिओ घेतला तर फारच उत्तम. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिनसारख्या चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ नयेत. कण त्याने हलत नाहीत आणि उतारवयात हातापायांचा कंप, ताठरपणा मागे लागू शकतो.

एमएसचं पक्कं निदान झालेल्यांनाही कूस बदलताना भोवळ आली तर आधी कानच तपासायला हवा, कारण त्यांनाही बीपीपीव्ही होतो आणि बराच होतो. अटॅक समजून रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सलाइनमधून तीन-पाच दिवस देण्याआधी डिक्स-हॉलपाइक करून घ्यावी. तिला पाच मिनिटंही लागत नाहीत.