२१२ फायली निघाल्या, २०९ पोचल्या

गेल्या महिन्यात आमचं बिल्ड, म्हणजे कोड जुळवून त्याच्या टेस्ट चालवायचं काम, नव्या मशीनवर हलवलं आणि पहिल्याच रात्री एक टेस्ट लाल, म्हणजे नापास. तारीख वाचणाऱ्या क्लासची (कोडच्या तुकड्याची) टेस्ट, कोडला कुणी हातही लावलेला नाही, मग काय, सकाळच्या कॉलवर पाच मिनिटांत ठरलं की मशीनचा टाइमझोन चुकलाय. तारीख म्हटलं की टाइमझोन, आमच्याकडे तपास तिथेच संपतो. मीही त्यातलीच, अर्धा दिवस टाइमझोन बदलत बसले. लाल ते लालच.

मग वैतागून जुन्या मशीनवर गेले आणि त्या एका मॉड्यूलची, म्हणजे प्रोजेक्टच्या त्या भागाची, ती एकच टेस्ट चालवली. तिथेही लाल! ज्या मशीनवर महिनोन् महिने सगळं हिरवंगार दिसत होतं, तिथे.

आमचा प्रोजेक्ट ग्रेडलवर (बिल्ड करणाऱ्या टूलवर) आहे, १४ मॉड्यूल. प्रत्येक मॉड्यूल आपल्याच बिल्ड फोल्डरमध्ये रिझल्ट टाकतं, एका टेस्ट क्लासला एक एक्सएमएल फाइल, आणि फाइलला नाव मिळतं ते पॅकेजसकट (क्लास ज्या गटात आहे त्याच्या नावासकट) क्लासचं. मॉड्यूलचं नाव त्या फाइलनेममध्ये नसतं, हे लक्षात ठेवा. पण वरच्यांना १४ रिपोर्ट नको असतात, एकच हवा असतो, म्हणून आमच्यातल्या एका सीनिअरने फार पूर्वी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली होती: फाइंड या शोधणाऱ्या कमांडने सगळी एक्सएमएल शोधायची, सीपी या कॉपी करणाऱ्या कमांडने एकेक करून एका फोल्डरमध्ये ओतायची, आणि त्या फोल्डरवरून रिपोर्ट बनवून बिल्ड लाल की हिरवं ते ठरवायचं.

मी नुसत्या फायली मोजल्या. मॉड्यूलमध्ये मिळून २१२, एकत्र फोल्डरमध्ये २०९. तीन कमी.

कारण काय, तर एक मॉड्यूल दुसऱ्याची कॉपी करून बनवलेलं, पॅकेजचं नाव बदलायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, त्यामुळे तीन टेस्ट क्लास दोन्हीकडे अगदी एकाच नावाचे. सीपीला त्याचं काय, नंतर आलेली फाइल आधीचीवर बसते, चूं नाही की चां नाही. आणि फाइंड काही अकारविल्हे जात नाही, फाइलसिस्टिम ज्या क्रमाने देईल तो क्रम. जुन्या मशीनवर हिरवी फाइल नेहमी नंतर यायची, नव्यावर लाल. म्हणजे ज्या मशीनला आम्ही दिवसभर शिव्या घातल्या तिनेच पहिल्यांदा खरं सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल टेस्ट फेल झाली तर ग्रेडल स्वतःच बिल्ड थांबवतं की. थांबवतं, पण इग्नोअर-फेल्युअर्स ट्रू, म्हणजे टेस्ट पडली तरी पुढे जा, हे सेटिंग मी लावलं होतं, मीच. एक मॉड्यूल पडलं की पुढच्यांच्या टेस्ट चालायच्याच नाहीत आणि रिपोर्ट अर्धवट यायचा. तिथे खरं तर ग्रेडलच्या कमांडला कंटिन्यू हा पर्याय लावायचा असतो, म्हणजे बाकीची मॉड्यूल चालतात आणि शेवटी बिल्ड लालही होतं. मला तेव्हा घाई होती. स्क्रिप्टवाल्याला मनातल्या मनात बरंच बोलून झाल्यावर ही ओळ दिसली आणि गप्प बसले.

स्क्रिप्ट काढून टाकली. ग्रेडलमध्ये ७.४ पासून, म्हणजे २०२२ पासून, टेस्ट रिपोर्ट ॲग्रिगेशनचं, म्हणजे सगळ्या मॉड्यूलचे रिपोर्ट एकत्र करणारं, प्लगिन आयतं आहे. पण तेही डोळे मिटून लावू नका, एकाच नावाचा क्लास दोन मॉड्यूलमध्ये असेल तर ते काही गिळत नाही हे खरं, दोन्ही निकाल दाखवतं, पण निदान आमच्या आवृत्तीत एकाच क्लासखाली, मग कुठला कुठल्या मॉड्यूलचा हे शोधत बसा. शेवटी पॅकेजची नावं बदललीच, दोन दिवस गेले, आणि रिव्ह्यूमध्ये एकाने विचारलं की नुसती नावं बदलायला दोन दिवस?

ती टेस्ट नेमकी कधीपासून पडतेय ते जुने कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) काढून काढून पाहिलं. पाच महिने. कुणीतरी कॉपी केलेल्या मॉड्यूलमध्ये तारीख यूटीसीत धरली होती, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत. मग सपोर्टची जुनी तिकिटं उघडली, ‘तारीख एक दिवस मागे दिसते’, अशी चार, चारही ‘युजरने चुकीची तारीख टाकली’ म्हणून बंद केलेली. त्यातल्या एकावर बंद करणारीचं नाव माझं आहे. लीड म्हणतात आता फिक्स लागलाय, जुनं उकरू नका. मी ते एक तरी परत उघडलंय, उत्तरात काय लिहायचं ते अजून सुचत नाहीये.