तुम्ही विचारलंत म्हणून: चाललेलं सॉफ्टवेअर काढून बाहेरची माणसं का आणली

'चाललं होतं ना सगळं? मग एवढा पैसा घालून बाहेरची टीम कशाला लावलीत?' वार्षिक सभेत सभासद विचारतात, लेखापरीक्षणाला आलेले विचारतात. आसपासच्या पतसंस्थांचे व्यवस्थापक फोन करून विचारतात आणि त्याच फोनवर त्या टीमचा नंबरही मागतात. दर वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि फोन ठेवल्यावर वाटतं, हे उत्तर नव्हतं. म्हणून एकदाचं लिहून काढते. कोपरखैरण्यातल्या एका छोट्या पतसंस्थेची मी व्यवस्थापक. आमचे ठेवीदार म्हणजे माथाडी, भाजीवाल्या, रिक्षावाले, घरकामाला जाणाऱ्या बायका. पिग्मी, म्हणजे एजंटने रोज फिरून घेतलेली छोटी बचत, कशी गोळा होते आणि ३१ मार्चला आमची काय धावपळ असते, हे विचारणाऱ्यांना माझ्याइतकंच माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

'चाललं होतं' याबद्दल आधी बोलू. आमचा जुना प्रोग्रॅम फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस भाषेतला, विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारा. एका गृहस्थांनी एकट्याने लिहिलेला आणि वर्षानुवर्षं एकट्यानेच सांभाळलेला. त्यांच्याबद्दल वावगा शब्द मी ऐकून घेणार नाही. वीज जाऊन इंडेक्स (प्रोग्रॅमची खाती शोधायची यादी) बिघडला की रात्री अकरालासुद्धा ते फोन उचलायचे आणि शांतपणे 'रीइंडेक्स मारा, मी थांबतो' म्हणायचे. पण हल्लीच्या ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचे १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत. म्हणून आमची काउंटरवरची यंत्रं विंडोज एक्सपीवर अडकून पडली होती, आणि एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ लाच थांबवला. फॉक्सप्रोची नवी आवृत्ती येणार नाही हे त्यांनी २००७ मध्येच जाहीर केलं होतं. शेवटच्या आवृत्तीचा सपोर्टही जानेवारी २०१५ मध्ये संपला. मदरबोर्ड गेला की आमचा शिपाई लॅमिंग्टन रोडवर जुना माल शोधत फिरायचा. आणि ते गृहस्थ आता गावी राहायला गेले, वयही झालं. उद्या त्यांनी फोन उचलला नाही तर कर्जाचं व्याज कसं काढलं जातं हे सांगणारा दुसरा माणूस आमच्याकडे नव्हता. याला 'चाललं होतं' म्हणायचं असेल तर म्हणा.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग तयार पॅकेज का नाही घेतलं? बघितली आम्ही. काही चांगलीही होती. पण आमच्या काही जुन्या कर्जप्रकारांचे नियम त्यांत बसत नव्हते, आणि चालू कर्जाचं व्याज मधेच वेगळ्या पद्धतीने काढायला लागलो तर सहकार कायद्यातल्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यासाठी दिलेला खातेउतारा कर्जदाराचा वकील पहिल्याच तारखेला उभा आडवा फाडतो. महाप्यात ऑफिस असलेल्या एका टीमने जुन्या प्रोग्रॅमचा कोड वाचून त्यातले नियम बाहेर काढायची आणि ते नव्या सिस्टीमत बसवायची तयारी दाखवली. म्हणून ते.

खरं तर बाहेरची टीम लावायला सगळ्यात जास्त विरोध माझाच होता. संचालक मंडळाच्या इतिवृत्तात माझं म्हणणं नोंदलेलं आहे: ठेवीदारांची माहिती परक्यांच्या हातात देऊ नये, मुलं दोन वर्षांत नोकरी बदलतात, आपल्या लोकांची गरज त्यांना कळणार नाही. आज ते पान वाचताना मी त्या बाईशी मनातल्या मनात भांडते. अगं, माहिती तुझ्या कपाटात तरी कुठे होती? रोज संध्याकाळी बॅकअपचा पेनड्राइव्ह लिपिकाच्या पिशवीतून रेल्वेने घरी जात होता. टीमला चाचणीसाठी दिलेल्या प्रतीतून आधार, पॅन, मोबाइल नंबर आम्ही आधी काढून टाकले. एवढी काळजी त्या पेनड्राइव्हची कधी कुणी घेतली होती? हे सगळं मी तिला सुनावते. पण तिसऱ्या मुद्द्यावर ती मला गप्प करते, कारण तो सोमवार तिच्या बाजूने साक्ष देतो.

आता तो सोमवार. शनिवारी आम्ही जुन्या यंत्रावर शेवटचा डे-एंड घेतला, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद केला. रविवारी टीमने सगळा डेटा नव्या सिस्टीमवर चढवला. संध्याकाळी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची गोळाबेरीज, काढली. एकूण ठेवी, एकूण कर्जं, रोख शिल्लक, सगळं जुन्याशी पैशापर्यंत जुळलं. चेअरमन स्वतः येऊन आकडे बघून गेले.

सकाळी काउंटर उघडल्यावर थोड्याच वेळात एक मावशी आल्या. सेक्टरच्या कोपऱ्यावर मेथी-कोथिंबीर घेऊन बसतात. त्यांची रोजची पिग्मी. पोरीच्या फीसाठी पैसे काढायचे होते. कॅशियरने पासबुकावरचा नंबर घातला. पडद्यावर भलत्याच माणसाचं नाव आलं आणि खाली 'खाते बंद, शिल्लक ०.००'. आमचा कॅशियर सरळ मुलगा. त्याला जे दिसलं ते तो बोलला. 'मावशी, हा नंबर तुमचा नाही दिसत. हे खातं बंद झालंय.'

मावशींनी पासबुक काउंटरवर त्याच्यापुढे सरकवलं. 'इतकी वर्षं रोज पैसे भरतेय, आणि नंबर माझा नाही?'

मागे रांग होती. रांगेतल्या प्रत्येकाने ते ऐकलं. एकाने फोन काढला. त्यानंतर आमच्या दारात काय झालं ते तुमच्यापैकी ज्यांनी शेजारची एखादी पतसंस्था बुडताना पाहिली आहे त्यांना सांगायला नको. 'पैसे दुसऱ्याच्या नावावर फिरवले' हे वाक्य तुर्भ्याच्या मार्केटपर्यंत पोचलं आणि बारा वाजेपर्यंत रांग जिन्यावरून उतरून रस्त्यावर आली. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा लागू नाही. आमच्या लोकांना कायद्याचं कलम माहीत नसेल, पण कुठल्या पैशाला कुणी वाली नाही हे त्यांना बरोबर माहीत असतं. आणखीही काही खाती तशीच निघाली. सगळी पिग्मीची, दोन-तीन ठरावीक एजंटांकडची.

एका संचालकांचं म्हणणं पडलं, 'सर्व्हर डाऊन' अशी पाटी लावा आणि शटर अर्धं ओढा. मी नाही म्हटलं, आणि चेअरमन माझ्या बाजूने उभे राहिले. जुनं यंत्र अजून टेबलाखाली होतं. ते वर घेतलं, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडला आणि ज्याने मागितला त्याला शनिवारपर्यंतचा खातेउतारा छापून हातात दिला. ज्याला पैसे हवे होते त्याला पैसे दिले. अकाउंटंट बँकेतून रोकड आणायला गेले. चेअरमन संध्याकाळपर्यंत दारात उभे होते. प्रत्येकाला नावाने हाक मारून वर पाठवत होते.

आत टीममधली एक मुलगी माझ्याच टेबलावर बसून खाती उलगडत होती. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी. घाबरलेली दिसत होती, पण हात थांबले नव्हते. दुपारी तिने मला बोलावून दोन ओळी दाखवल्या: एकच नंबर, दोन नावं. वरची ओळ बऱ्याच वर्षांपूर्वी बंद झालेल्या खात्याची, खालची मावशींची. खालच्या ओळीत पैसे जसेच्या तसे होते. आमचा पिग्मीचा नंबर म्हणजे एजंटचा कोड आणि पुढे अनुक्रमांक. एजंट सोडून गेला की त्याचा कोड नव्या एजंटला द्यायचा आणि अनुक्रमांक पुन्हा १ पासून सुरू करायचा, अशी इथली रीत. जुन्या प्रोग्रॅममध्ये दर वर्षाचा फोल्डर वेगळा असायचा आणि १ एप्रिलला फक्त चालू खाती पुढे ओढली जायची, त्यामुळे ते दोघं कधी समोरासमोर आलेच नाहीत. नव्या सिस्टीमने सगळी वर्षं एका तक्त्यात आणली आणि पडदा पहिली सापडलेली ओळ दाखवत राहिला. बेरीज जुळणारच होती. बंद खात्याच्या शून्याने बेरजेत काय फरक पडणार?

टीमने सुरुवातीला दिलेल्या प्रश्नावलीत 'खाते क्रमांक एकमेव असतो का?' असा प्रश्न होता आणि आमचं उत्तर 'हो' असं होतं. हे कागद दाखवून मला पुष्कळांनी ऐकवलं. माझं म्हणणं आजही तेच आहे: ते उत्तर खोटं नव्हतं. एका वेळी एका नंबरावर एकच चालू खातं असतं, आमच्यासाठी एकमेव याचा अर्थ तोच. त्यांच्यासाठी तो संस्थेच्या सगळ्या आयुष्यातला एकमेव होता. टीमनेही काही लपवलं नाही. त्या रात्री त्यांनी दोनदा आलेल्या प्रत्येक नंबरापुढे एजंटच्या नेमणुकीचं वर्ष लावलं आणि मंगळवारी सकाळी आम्ही बेरीज न बघता एकेक पासबुक पडद्याशी ताडून पाहिलं. दोष कुणाचा, हे मंडळाला अजून हवं आहे. मला ते ठरवता आलेलं नाही.

त्या मावशींनी त्याच दिवशी सगळे पैसे काढले. मी स्वतः मोजून दिले. त्या म्हणाल्या, 'बाई, तुमच्यावर राग नाही. पण माझं नाव तिथं नव्हतं ना.' एजंट सांगतो, त्या आता भिशीत पैसे टाकतात. मी दोनदा निरोप पाठवला. आल्या नाहीत.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं, 'बघा, घरचा माणूस असता तर हे झालं नसतं,' तेव्हा मला राग येतो आणि उत्तरही सुचत नाही. घरच्या माणसाला एजंटच्या कोडची ही रीत माहीत होती, हे खरं. पण ती त्याच्या डोक्यात होती, कागदावर कुठेच नव्हती. त्याच टीमने जुन्या कोडमधून एक अट काढून आम्हाला विचारली होती: ठरावीक कर्जप्रकारात १० तारखेच्या आत हप्ता आला तर त्या दिवसांचं व्याज का सोडता? आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी आमचे सगळ्यात जुने लिपिक अण्णा माळ्यावर चढले आणि इतिवृत्ताच्या कापडी बांधणीच्या वहीतून तो ठराव काढून आणला. माथाड्यांच्या पगाराची तारीख बघून केलेला ठराव. आम्ही तो वर्षानुवर्षं पाळत होतो आणि आमच्यातल्या एकालाही, अण्णा सोडून, आठवत नव्हता. बाहेरच्याने विचारलं म्हणून तो पुन्हा आमचा झाला.

सभासद रजिस्टरचंही तसंच. ते विंडोजवर, जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेलं. त्या फॉन्टात ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये, म्हणजे हल्ली सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, नेमकं उलट. 'शिर्के' आडनावात दोन्ही आहेत. यंत्राने पहिल्यांदा ते असं काही बदललं की वाचता येईना. नावं माणसांनी बसून तपासली. सोमवारनंतर नावाच्या बाबतीत मी कुणाला घाई करू दिली नाही.

करारात मात्र मी अडून बसले आणि त्याचं मला समाधान आहे. पगारी नोकराने नोकरीचं काम म्हणून लिहिलेला प्रोग्रॅम, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकाचा असतो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्याने कंत्राटावर लिहिलेल्या प्रोग्रॅमचा हक्क, तुम्ही पूर्ण पैसे दिलेत तरी, लेखी हस्तांतर नसेल तर लिहिणाऱ्याकडेच राहतो. हस्तांतर आहे पण मुदत लिहिलेली नाही, तर कलम १९ प्रमाणे ते फक्त ५ वर्षांचं धरलं जातं. मला फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या करारात याबद्दल एक ओळ नसते. आमच्या करारात मुदत लिहिली आहे. सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) आणि सगळा डेटा वाचता येईल अशा रूपात दर तिमाहीला आमच्याकडे येतो, आणि तो उघडून बघायचं काम अण्णांच्या हाताखालच्या मुलीला दिलं आहे.

आता देखभालीच्या कराराचं नूतनीकरण आलंय. निम्मं मंडळ म्हणतं, दोन मुलं पगारावर ठेवू. मला वाटतं टीमच बरी. मग मावशींची आठवण येते आणि मी सभेत बोलायचं पुढे ढकलते.

नंबर हवा असेल तर देईन. फोन करायच्या आधी तुमची बंद खाती काढून ठेवा, आणि फोन करताना तुमचा सगळ्यात जुना लिपिक शेजारी बसलेला असू द्या. पहिले प्रश्न त्यालाच येतील.