बावीस महिन्यांचा गाळा

"वहिनी, ब्लाउजला फोडणीचा वास येतोय हो."

माझ्या एका जुन्या गिऱ्हाईकाने हे अगदी हळू आवाजात, मला लागू नये अशा बेताने सांगितलं. पैठणीवरचा ब्लाउज होता, त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी शिवलेला. शिलाईत काही खोट नव्हती. पण तो दोन दिवस हॉलमध्ये खुंटीला लटकत होता आणि हॉलला लागून स्वयंपाकघर. मी ब्लाउज परत घेतला, रात्रभर गॅलरीत वाऱ्यावर ठेवला आणि सकाळी इस्त्री करून त्यांच्या घरी नेऊन दिला. पैसे घ्यायला हात पुढे होईना.

सांगलीत विश्रामबागला पहिल्या मजल्यावर आमचा दोन खोल्या आणि हॉलचा फ्लॅट आहे. तिथे मी बारा वर्षं ब्लाउज शिवत होते. मशीन हॉलच्या खिडकीपाशी, कटिंग जेवणाच्या टेबलावर, ट्रायलला बेडरूम. गिऱ्हाईक आत ट्रायल घेत असेल तर आमच्या ह्यांनी बाहेर जिन्यात उभं राहायचं, हे ठरलेलंच. मुलगा नववीत गेला तसा तो कानात कापूस घालून अभ्यासाला बसायला लागला. माझ्या मशीनला तेव्हा क्लच मोटर होती. ती आपण शिवत नसलो तरी सारखी घुमत राहते. खालच्या मजल्यावरच्या आजी एकदा वर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझी मोटर माझ्या उशीत वाजते." भांडायला आल्या नव्हत्या बिचाऱ्या. झोप येत नव्हती म्हणून सांगायला आल्या होत्या.

२०२२ ची दिवाळी झाली आणि गाळा बघायला सुरुवात केली. विश्रामबागच्या मुख्य रस्त्याला भाडं परवडणारं नव्हतं. शेवटी मारुती चौकाच्या बाजूला एक गाळा मिळाला. दहा बाय बारा, भाडं ६,५०० रुपये, डिपॉझिट ४०,०००, एजंटला एक महिन्याचं भाडं. त्या भागात इतकं स्वस्त का, हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ च्या जुलैमध्येही पन्नाशी ओलांडली होती. मालकांनी भिंतींना नवा रंग दिला होता, त्यामुळे पाण्याची रेघ कुठे दिसत नव्हती. पण शटर वर करताना बाजूच्या पट्टीत बोट घातलं तर वाळलेल्या गाळाचा पापुद्रा नखाला लागला. माझ्या कमरेइतक्या उंचीपर्यंत तो होता. मला तो दिसला, तरी मी गाळा घेतला. फोडणीचा तो वास डोक्यातून जात नव्हता.

करारनाम्याचं मात्र मी नीट केलं आणि ते पुढे कामाला आलं. मालक म्हणत होते, "ताई, शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी करू, कशाला खर्च?" माझा दीर बँकेत आहे. त्याने सांगितलं, वहिनी, नोंदणीशिवाय किल्ली घेऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे ऐकल्यावर मालकच तयार झाले. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के, आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात. आमच्या रकमेला ते जेमतेम दोनशे रुपये होत होते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन गाळ्यातच आला, दोघांचे फोटो आणि अंगठे घेतले, चार दिवसांत करार मोबाइलवर. अकरा महिन्यांचा करार, सहा महिने लॉक-इन, नंतर एक महिन्याची नोटीस. "गाळा सोडल्याच्या दिवशी डिपॉझिट परत" हे वाक्य मी आग्रहाने घालून घेतलं.

बाकीचे कागद सोपे निघाले. गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, त्याला मी उगाच घाबरले होते. २०१७ च्या नव्या कायद्याप्रमाणे तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर परवाना लागत नव्हता, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, नूतनीकरणही नव्हतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, तर पूर्ण फुकट आहे आणि घरच्या पत्त्यावरही होते. ती करून देण्याचे दीड हजार मागणारे लोक आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. आधार आणि पॅन हाताशी ठेवा, अर्ध्या तासात स्वतः करता येतं.

टेबल, आरसा, ट्रायलचा पडदा, रॅक आणि बोर्ड मिळून २८,००० गेले. पिकोचं मशीन नेलं, इंटरलॉक नेलं. क्लच मोटर काढून सर्वो बसवली. पाय दाबला तरच ती फिरते, एरवी गप्प. हे मी घरी असतानाच करायला हवं होतं, आजींची झोप वाचली असती.

आता हिशोब सांगते, कारण शिवणकाम करणाऱ्या बायका मला पहिल्यांदा तेच विचारतात.

घरी मी अस्तराच्या ब्लाउजचे ४५० घेत होते. गाळ्यात आल्या दिवशी दरफलक लावला आणि ५५० लिहिले. छातीत धडधडत होतं. कुणी काही बोललं नाही. ज्या बाई माझ्या सोफ्यावर बसून "आपल्यातलं काय घेतेस गं, ४०० कर" म्हणायच्या, त्याच काउंटरपलीकडे उभ्या राहून फलकाकडे बघायच्या आणि पैसे मोजायच्या. महिन्याला साधारण ६५ ब्लाउज होत होते. म्हणजे वाढलेल्या शंभर रुपयांतूनच ६,५००, गाळ्याचं भाडं बरोबर निघत होतं. लाइट बिल आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल धरून गाळ्याचा महिन्याचा खर्च ८,२०० च्या आसपास जायचा. अस्तर, दोरा, हुक वजा जाता एका ब्लाउजचे ४६० हातात राहतात. अठरा ब्लाउज म्हणजे माझे सहा दिवस. महिन्याचे पहिले सहा दिवस मी गाळ्यासाठी शिवत होते आणि त्यातले बरेचसे दिवस तो दरफलक भरून काढत होता.

दुसरी गोष्ट वेळेची. घरी रात्री दहाला बेल वाजायची, "ताई, एक हुकच लावायचाय." त्या एका हुकासाठी मशीन उघडायचं, दिवा लावायचा, आणि हुकाचे पैसे कोण देतंय? गाळ्याचं शटर साडेसातला खाली यायचं. घरी येऊन मी पोराबरोबर जेवायला बसायला लागले. त्याची दहावी त्या वर्षी शांततेत पार पडली, त्याचं श्रेय मी गाळ्याला देते.

पण रस्त्यावर दुकान टाकलं की नवी गिऱ्हाइकं चालून येतात, या आशेवर मी होते. पहिल्या वर्षाच्या शेवटी बिलबुकं काढून बसले. प्रत्येक नव्या नावापुढे मी "रस्ता" किंवा "ओळख" असं लिहायची सवय ठेवली होती. रस्त्यावरून आलेली बहुतेक कामं फॉल-पिको, साइड उसवणं, फाटलेली शिवण. पन्नास रुपयांचं, ऐंशी रुपयांचं काम. प्रिन्सेस कट, कटोरी, लग्नाचे ब्लाउज हे सगळं ओळखीतून आलेलं. कुणाच्या तरी अंगावरचा ब्लाउज बघून, "कुणाकडे शिवलास गं?" असं विचारून. अनोळखी शिंप्याकडे बाई पैठणीचा ब्लाउजपीस टाकत नाही. आधी साधा सुती टाकते, मापाचा ब्लाउज देते, मग दोन महिन्यांनी रेशीम आणते. शटर मुख्य रस्त्याला असलं काय आणि गल्लीत असलं काय, या चालीत फरक पडत नाही.

ज्यांचा धंदाच फॉल-पिको, अल्टरचा आहे त्यांनी रस्त्यावरचा गाळा जरूर घ्यावा. त्यांना माझा हिशोब लागू नाही.

दुसऱ्या अकरा महिन्यांना भाडं १० टक्के वाढून ७,१५० झालं. तेही मी दिलं. नको झालं ते जुलै २०२४ मध्ये.

कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याच्या बातम्या सुरू झाल्या आणि सगळ्या सांगलीसारखी मी पण दर दोन तासांनी आयर्विनची पातळी बघत बसले. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे आकडे इथे लहान मुलांना पाठ आहेत. पाणी इशारा पातळीकडे सरकत होतं. शेजारच्या किराणावाल्या काकांनी पोती माळ्यावर चढवायला घेतली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. गाळ्यात माझ्याकडे ६२ गिऱ्हाइकांचे कपडे होते. त्यात एक आजेसासूबाईंची इरकल होती, तिचा काठ काढून नातसुनेच्या ब्लाउजला लावायचा होता. मशीन भिजलं तर दुरुस्त होतं, नाहीतर नवं येतं. ती इरकल कुठून आणून देणार होते मी?

मी, हे आणि पोरगा, तिघांनी प्रत्येक कापड बिलाच्या नंबरासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं. रिक्षाच्या दोन फेऱ्या झाल्या. मशीनची डोकी काढून टेबलावर ठेवली, मोटर उचलून घरी आणली. रात्री साडेअकराला हॉलमध्ये ६२ पिशव्या रांगेत मांडल्या आणि वहीवर एकेक नंबर टिक करत गेले. सगळे जुळले, तेव्हा कुठे पाणी प्यायले. आमच्या गाळ्यापर्यंत पाणी त्या वेळी आलं नाही. पण दर पावसाळ्यात हे करायची माझी तयारी नव्हती, आणि उंचावरच्या भागातला गाळा माझ्या ६५ ब्लाउजांत बसत नव्हता.

सप्टेंबरअखेर करार संपत होता, महिनाभर आधी लेखी नोटीस दिली. किल्ली देताना मालक म्हणाले, नवा भाडेकरू आला की डिपॉझिट देतो. मी कराराची प्रत काढून ते वाक्य त्यांच्यासमोर वाचलं. आवाज चढवला नाही. रंगाचे म्हणून त्यांनी ४,००० कापले, ते मला आजही पटलेलं नाही, कारण भिंतीला माझा एक खिळासुद्धा नव्हता. उरलेले ३६,००० मात्र त्याच आठवड्यात खात्यावर आले. नोटरीवर भागवलं असतं तर मी अजून फेऱ्या मारत असते.

परत आले ती पूर्वीच्या घरात नाही. हॉलचा खिडकीकडचा भाग प्लायने बंद करून घेतला, छतापर्यंत, दाराला रबरी पट्टी. कपडे बंद कपाटात, डांबराच्या गोळ्या न घालता, कारण तो वासही रेशमातून जात नाही. मशीनच्या पायाखाली जाड रबर. खालच्या आजींना मुद्दाम बोलावून मशीन चालवून दाखवलं. त्या खाली जाऊन ऐकून आल्या आणि "चालेल" म्हणाल्या, मगच सोसायटीकडे अर्ज दिला. दरफलक गाळ्यातला तोच, ५५० सकट. वेळ दहा ते सात, दारावर लिहिलेली. तीन गिऱ्हाइकं दरामुळे गेली. एक परत आली.

विजेची भीतीही अशीच गेली. घरी मशीन चालवते म्हणून कुणी तपासणीला येईल, व्यावसायिक मीटर घ्यायला लावेल, या धास्तीत मी बारा वर्षं काढली होती. गाळ्याच्या व्यावसायिक मीटरचा स्थिर आकारच महिन्याला चारशेच्या वर होता, घरगुतीला शंभर-सव्वाशे, त्यामुळे धास्ती मोठीच होती. महावितरणच्या कार्यालयात जाऊन सरळ विचारलं. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० च्या आत असेल तर घरगुती दरच लागतो. आमचा मशीनसकट वापर दोनशेच्याही खाली आहे.

गेलं ते फक्त फॉल-पिको. गाळ्यात दिवसाला पाच-सहा साड्या यायच्या, घरी एखाद-दुसरी. म्हणून यंदा गणपती पेठेतल्या एका साडीच्या दुकानाशी बोलणं केलंय. शनिवारी ते साड्यांचा गठ्ठा देतात, बुधवारी मी पिको करून परत नेते. साडीमागे पैसे कमी मिळतात, पण दारात कुणाला थांबवून ठेवावं लागत नाही. पहिल्या शनिवारी वीस साड्या होत्या, मागच्या शनिवारी चौतीस. लग्नसराईत हे असंच राहिलं तर दुसरं पिको मशीन घेईन. कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये अडीच फूट जागा आहे. टेपने दोनदा मोजली.