हाताला जड

लेक परवा निघणार. बॅगेला 23 किलोची मर्यादा, म्हणून घरात हुकाचा वजनकाटा आला. मुठीत मावेल एवढा. हुक अडकवायचा, उचलायचं, आकडा थोडा वेळ थरथरतो आणि मग टुंक करून थांबतो. बॅग भरली 24.6. त्यावरून मायलेकींची एक चकमक झाली, कारण माझ्या आईचा पितळी मिसळणाचा डबा बॅगेतून गेलाच पाहिजे असा हिचा हट्ट, आणि तिकडे डबे मिळतात असं लेकीचं म्हणणं. पण असली वस्तू ज्या कामासाठी आणली तेवढ्यावर कधी भागते का? मग हिने मोठा कुकर तोलला. मी ऑफिसची सॅक तोलली आणि उगाच तोलली असं वाटलं. दुपारी दोघी जरा आडव्या झाल्यावर मी स्टुलावर चढून कपाटावरची गिटार काढली. खोक्यावरची धूळ पुसली, पट्ट्यात हुक अडकवला, उचलली.

4.38.

एवढीच? पंचवीस वर्षं मी येईल त्याला सांगत आलोय, "साडेपाच किलो आहे, उचलून बघा." पाहुणे उचलून बघायचे आणि "बापरे" म्हणायचे. त्या बापरेवर मी खूश. एका दुपारीत माझं किलोभर वजन गेलं, तेही नको तिथलं.

दोष घराचा आहे. आमच्याकडे चांगली वस्तू म्हणजे जड वस्तू. आई भांड्यांच्या दुकानात पातेलं आधी उचलायची, मग बघायची. "हाताला लागतंय" म्हणाली की घेतलं. "नुसता पत्रा आहे" म्हणाली की पातेलं परत फळीवर. कडी, कुलूप, नळ, छत्री, सगळं याच परीक्षेतून आत यायचं. ते माझ्यातही उतरलंय, मी पेनसुद्धा तळहातावर झुलवून घेतो. आवाजाची परीक्षा वेगळी. माठाला टिचकी, नारळ कानाशी. वजन आणि आवाज दोन्ही बघून घेतलं जातं ते एक कलिंगड, आणि ते तरीही पांढरं निघतं.

इलेक्ट्रिक गिटार जड असते हे मला कळलं चौथीत. चाळीच्या गणपतीत पाचव्या दिवशी ऑर्केस्ट्रा असायचा. मध्यंतरात वादकांना बटाटेवडे, आणि ते नेऊन द्यायचं काम आम्हा पोरांकडे. गिटारवाला मांडवाच्या मागे, पाण्याच्या पिंपाजवळ उभा होता. पांढरी पँट, पांढरे बूट. वडा गरम, चटणी पातळ. कपड्यांवर ओघळेल म्हणून त्याने गळ्यातून गिटार काढली आणि "ए, जरा धर रे" म्हणत माझ्याकडे दिली.

चाळीत एका दादाकडे साधी, पोकळ गिटार होती. ती मी एका हाताने उचलायचो. आत पेन्सिलीचा तुकडा पडला तर उलटी धरून, हलवून काढायचो. ही तशीच असणार असं धरून मी हात पुढे केले, आणि हात सरळ खाली गेले. जमिनीवर आपटते की काय म्हणून गुडघा पुढे घातला, तर ती गुडघ्यावर बसली. तारांतून बारीकसं झण्ण आलं. त्याने वडा चावता चावता बघितलं, बोलला काही नाही.

"काका, आत काय भरलंय?"

"लाकूड."

"आणि बाहेरून?"

"बाहेरूनपण लाकूडच." त्याच्या मिशीला चटणी लागली होती.

कडेला काळपट आणि मधे मधासारखा रंग होता तिचा. मागच्या बाजूला त्याच्या घामाचा ओला ठसा, तो माझ्या बनियनला गार लागत होता. दोन वडे आणि एक कप चहा होईपर्यंत मी उभा होतो. दंड भरून आले, पण खाली ठेवली नाही. मामाच्या गावी सप्ताहात वीणा अशी खाली टेकवत नाहीत. पहारा संपला की पुढच्याच्या गळ्यात घालायची, एकमेकांच्या पाया पडायचं, की आपण मोकळे. ती वीणा तशी हलकी. पण पहाटे चारच्या सुमारास ती किती किलोची होते ते पहाऱ्याला उभं राहिलेल्यालाच विचारावं.

आपल्याकडे नाद राहतो तो पोकळीत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा वाळवून, आतून कोरून मिरजेत त्याचा तंबोरा होतो. वाद्य माणसाच्या खांद्याला लागेल एवढं, पण पोटात हवा. इलेक्ट्रिक गिटारचं उलट. तिला पोकळी नडते. आवाज चढवला की पोकळ गिटार समोरच्या स्पीकरच्या आवाजानेच घुमायला लागते, मग किंचाळते. अमेरिकेत लेस पॉल नावाच्या वादकाने 1940 च्या सुमारास यावर उपाय काढला. चार बाय चार इंचाच्या पाइनच्या ओंडक्यालाच तारा ताणल्या. वाजायचं झकास, पण लोकांना ओंडका बघवेना. मग त्याने एक पोकळ गिटार उभी चिरली आणि तिची दोन अर्धुकं ओंडक्याच्या दोन बाजूंना जोडली, निव्वळ दिसायला. गिब्सन या गिटार कंपनीने 1952 मध्ये त्याच्या नावाने भरीव गिटार काढली, खाली महोगनी आणि वर मेपल. माझी गिटार म्हणजे तिची नक्कल, एका ऑर्केस्ट्रावाल्याने लग्न ठरल्यावर विकून टाकलेली. विकत घेतानाही मी वाजवून बघितली नाही. उचलून बघितली.

जड लाकूड तारेची थरथर पटकन पिऊन टाकत नाही, म्हणून सूर लांबतो, असं गिटारवाले सांगतात. मीही सांगायचो. पण आवाज पकडतो तो तारांखालचा पिकअप. लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज उमटते. खालचं लाकूड किती किलोचं, हे त्याला कोण सांगणार? स्क्रू फिरवून पिकअप दोन मिलिमीटर खाली घेतला तर जो फरक कानाला कळतो, तेवढा मला एक किलोने पडलेला कधी ऐकू आला नाही. आणि गिब्सनने तर 1982 च्या सुमारास या लेस पॉलच्या महोगनीत वजन उतरवायला नऊ भोकं पाडायला सुरुवात केली. वर मेपलचं झाकण, त्यामुळे बाहेरून काही दिसायची सोय नाही. भरीव म्हणून छातीशी धरायची आणि आत चाळण! हे वाचल्यावर दोन दिवस मी माझ्या गिटारकडे संशयाने बघत होतो. टिचकीही मारून पाहिली. कलिंगडाचीच गत, काही कळलं नाही.

हलकी घ्यावी तर तिचे वेगळे नखरे. गिब्सनचीच 1961 ची ती पातळ, दोन शिंगांची एसजी. धड हलकं, म्हणून मान टाकते. हात सोडला की डोकं खाली. मान न धरलेल्या बाळासारखा एक हात कायम मानेखाली हवा. सोयीचा खरा विचार केला तो लिओ फेंडर या गिटार बनवणाऱ्याने, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या आधीच्या टेलिकास्टर गिटारची कड बरगडीत टोचते अशी वादकांची कुरकुर होती. मग 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरला त्याने मागून पोटापाशी आणि पुढून कोपराखाली लाकूड तासून दिलं, शिंप्याने पोट बघून शर्टात जागा सोडावी तसं.

शिंप्यावरून आठवलं. भाचीच्या लग्नाला सूट शिवायला गेलो होतो. मास्तर खांद्याला टेप लावून थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"साहेब, डावा खांदा उतरलाय. बोटभर."

"अहो, गिटार अडकवतो मी. वीस वर्षं."

मास्तरांनी वहीत काहीतरी टिपलं. सूट आला तेव्हा डाव्या खांद्यात जरा जास्तीचा कापूस होता. लग्नाच्या फोटोत मी एकदम सरळ दिसतो, बाकी कुठल्याच फोटोत नाही. त्यानंतर स्टेशनजवळच्या चपलावाल्याकडून चार बोटं रुंद चामड्याचा पट्टा शिवून घेतला. आधीचा नायलॉनचा खांद्यात दोरीसारखा रुतायचा. वजन तेच, पण आता ते एका जागी बसत नाही, पसरतं. एवढी साधी गोष्ट करायला मला वीस वर्षं लागली, कारण खांदा दुखणं हा मला गिटार चांगली असल्याचा पुरावा वाटायचा.

तर, काढलीच होती म्हणून पलंगाच्या कडेवर बसलो. अ‍ॅम्प लावायचा प्रश्न नव्हता, दोघी झोपलेल्या. तारांना गंज धरलेला. सगळ्यात जाड तार तेवढी छेडली. खोलीत डासाएवढा आवाज, पण इकडे पोटाला, बरगडीला ती थरथर लागली आणि बराच वेळ लागत राहिली. हे समोर बसलेल्याला ऐकू जात नाही. आमच्या ऑर्केस्ट्रात तिसऱ्या रांगेपर्यंत माझी गिटारच ऐकू जायची नाही, तर हे काय जाणार. या थरथरीत लाकडाच्या वजनाचा हात आहे याची मला पक्की खात्री आहे. पुरावा विचारू नये.

"बाबा, काटा दे ना."

लेक दारात उभी, डोळ्यांवर झोप. तिने आतल्या खोलीत जाऊन बॅगेची चेन उघडली, काहीतरी काढलं, चेन लावली. टुंक.

"किती?"

"22.9. बसली!"

बाहेर आली ती आजीचा डबा घेऊन. "आई उठली की सांग तिला. हा जड आहे रे खूप." डबा पलंगावर माझ्या शेजारी ठेवला आणि तोंड धुवायला गेली.

मी गिटार मांडीवरून बाजूला केली आणि डबा उचलून बघितला. हाताला लागत होता.