स्टर्जिस लॉग, दुसरं वर्ष: यंदा आयर्न माउंटन रोड सुलट्या बाजूने

स्टर्जिस म्हणजे अमेरिकेतल्या साउथ डकोटातलं गाव, दरवर्षी तिथे मोटरसायकलींची रॅली भरते. गेल्या वर्षीचा लॉग ज्यांनी वाचलाय त्यांना आठवत असेल, तिथल्या ब्लॅक हिल्स डोंगरांतला आयर्न माउंटन रोड मी उलटा मारला होता. म्हणजे कीस्टोनकडून चढलो, खाली कस्टर स्टेट पार्कात उतरलो आणि आल्यावर सगळ्यांना सांगत सुटलो की रस्ता एक नंबर, पण त्या बोगद्यांचं लोक एवढं काय कौतुक करतात कळत नाही. कॅम्पग्राऊंडवर एका पिकल्या दाढीवाल्या रायडरने ते ऐकून घेतलं, कॉफीचा घोट घेतला आणि शांतपणे विचारलं, आरशात बघितलंस का? तेव्हा ट्यूब पेटली. दक्षिणेकडून उत्तरेला येताना त्या तिन्ही बोगद्यांतून समोर माउंट रशमोरचे चेहरे (डोंगरात कोरलेले चार अमेरिकी राष्ट्राध्यक्ष) फोटो फ्रेममध्ये बसवल्यासारखे दिसतात, आणि मी पठ्ठ्या तिन्ही वेळा त्यांच्याकडे पाठ करून निघून गेलो होतो.

तर यंदा टार्गेट ठरलेलं होतं, तोच रस्ता, बरोबर दिशेने, सकाळच्या उन्हात. बाकी जे होईल ते बोनस.

रॅलीबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला सगळं माहितीय. १९३८ ला जॅकपाइन जिप्सीज क्लबने नऊ रेसरवर सुरू केलेली गोष्ट, आज ऑगस्टच्या सुरुवातीचे दहा दिवस साताठ हजार वस्तीच्या गावात लाखोंनी माणूस येतं. मेन स्ट्रीटवर एक संध्याकाळ घालवा, गाड्या बघा, टीशर्ट घ्या आणि निघा. खरी रॅली गावाबाहेर ब्लॅक हिल्समध्ये आहे असं माझं मत, आणि ते यंदा आणखी घट्ट झालं.

पहिला दिवस हात बसवायला. टूरर (लांब पल्ल्याची जड बाइक) भाड्याची, वजन पावणेचारशे किलोच्या आसपास, वर्षभर मी चालवतो त्यापेक्षा जवळपास दुप्पट. गावातूनच व्हॅनॉकर कॅन्यनचा रस्ता सुटतो, झाडीतून नेमोकडे जातो, वळणं लांब आणि समजूतदार आहेत. तिथे वर खाली दोनदा केलं. मग एका मोकळ्या पार्किंगमध्ये अर्धा तास नुसते यू टर्न घेत बसलो, क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका दाबलेला, मान पूर्ण वळवून जिथे जायचंय तिथे नजर. लोक बघून हसत होते, हसू देत. गेल्या वर्षी सिल्व्हन लेकच्या पार्किंगला खडीवर उभ्या उभ्या गाडी आडवी केली होती, तेव्हा उचलायला तीन माणसं लागली होती.

दुसरा दिवस, मुख्य दिवस. पहाटे पाचला किक (म्हणजे बटणच, पण सवय जात नाही). नेमोवरून ३८५ नंबरच्या हायवेला लागलो, हिल सिटी, पुढे डाव्या हाताला क्रेझी हॉर्सचा डोंगर, त्या लाकोटा सरदाराचा पुतळा डोंगरात कोरतायत. १९४८ पासून काम चालू आहे, १९९८ ला चेहरा पुरा झाला आणि बाकीचं अजून चाललंय. न थांबता पुढे कस्टर, तिथून १६ए ने पूर्वेला पार्कात. इथे एक लक्षात ठेवा, १६ए वरून नुसतं आरपार जाणार असाल तर पास लागत नाही, पण नीडल्स हायवे किंवा वाइल्डलाइफ लूपला वळलात की लागतो.

पार्कातल्या गेम लॉज हॉटेलच्या अलीकडे रस्त्यात बायसन. एक दोन नाही, अख्खा कळप, पार्कात तेराशेच्या आसपास आहेत म्हणतात त्यातले निम्मे तरी तिथेच आले असावेत असं वाटलं. गाडीवाले काच वर करून बसतात, आपण कुठे बसणार. इंजिन बंद करायचं की चालू ठेवायचं यावर दोन गट आहेत, मी चालू ठेवलं, न्यूट्रलला, हॉर्नला हात लावला नाही. एक मोठा बैल माझ्यापासून दहाएक फुटांवरून घशातून घरघर काढत गेला, आणि खरं सांगतो, मी श्वास घेतला होता की नाही ते आठवत नाही. वीस मिनिटं गेली.

मग आयर्न माउंटन. १७ मैल, ३१४ वळणं, तीन बोगदे आणि तीन पिगटेल पूल. हा रस्ता पीटर नॉर्बेक नावाच्या सिनेटरने पायी आणि घोड्यावर हिंडून आखला, आणि गंमत अशी की जोरात जाता येऊ नये असाच आखला. बोगद्यांच्या जागा रशमोर दिसावा म्हणून ठरवलेल्या, त्यामुळे मधली उंची थोडक्या जागेत उतरायची पंचाईत झाली, म्हणून मग लाकडी पूल बांधून रस्ता गोल फिरवला आणि स्वतःच्याच खालून काढला. डुकराच्या शेपटीसारखा, म्हणून पिगटेल.

पहिल्या पुलावर माझी नजर लाकडी कठड्यावर गेली आणि गाडी लगेच कठड्याकडे सरकली. नियम पाठ असतो हो, पण डोळे ऐकत नाहीत. दुसऱ्याला जबरदस्तीने मान वळवली, वळणाच्या शेवटाकडे बघितलं, गाडी आपोआप फिरली. तिसरा पूल पाय खाली न टेकता, एका गियरमध्ये, लोण्यासारखा. वर्षभराची प्रॅक्टिस त्या एका पुलावर वसूल.

आणि बोगदे. एकेरी आहेत, आत शिरण्याआधी हॉर्न द्यायचा, समोरून कोणी नाही बघायचं. अंधारात शिरलो आणि पलीकडच्या तोंडात चार चेहरे, पहिल्यांदा नखाएवढे, पुढच्या बोगद्यात थोडे मोठे. रशमोरचं तोंड आग्नेयेला आहे म्हणून सकाळचं ऊन थेट चेहऱ्यांवर पडतं, दुपारनंतर गेलात तर सावलीत करडा दगड बघायला मिळेल. प्रत्येक चेहरा साठ फुटी, आणि एवढ्या लांबून तो अंगठ्यामागे झाकला जातो. हेल्मेटमध्ये एकटाच मोठ्याने हसलो. नंतर स्मारकाच्या पार्किंगलाही गेलो, पण तिथे ती मजा नाही, तिथे फक्त गर्दी आणि आइस्क्रीम.

नीडल्स हायवे तिसऱ्या दिवशी, त्याचं थोडक्यात. १४ मैल, ग्रॅनाइटचे सुळके दोन्ही बाजूला, नीडल्स आय बोगदा आठ फूट रुंद आणि पावणेदहा फूट उंच. साडेआठला पोचलो तरी बोगद्याच्या तोंडाशी फोटोवाले उभे. आठच्या आत जा नाहीतर जाऊ नका.

त्याच दुपारी स्पिअरफिश कॅन्यनमध्ये मार खाल्ला. चुनखडीचे उभे कडे, खाली ओढा, ब्रायडल व्हेल धबधबा रस्त्याला लागूनच, सगळं छान चाललं होतं आणि शायेन क्रॉसिंगच्या अलीकडे बोराएवढ्या गारा. ब्लॅक हिल्समध्ये ऑगस्टच्या दुपारी हे होतंच, मला माहीत होतं, तरी रेनसूट टेंटमध्ये ठेवून गेलो होतो. साउथ डकोटात मोठ्यांना हेल्मेटची सक्ती नाही, डोळ्यांवर चष्मा किंवा काच मात्र लागते. माझ्या शेजारी झाडाखाली एक जण नुसत्या गॉगलवर उभा होता, डोकं हातांनी झाकून. फुल फेस हेल्मेट का, या प्रश्नाला माझ्यातर्फे एवढंच उत्तर.

शेवटच्या दिवशी डेव्हिल्स टॉवर, वायोमिंगमध्ये. बेल फूर्शवरून अलादीन, ह्युलेट अशी २४ नंबरची वाट धरा, इंटरस्टेटने जाऊ नका. पायथ्यापासून ८६७ फूट उंच, उभे दगडी खांब एकमेकांना चिकटवल्यासारखे, खालच्या झाडांना तिथल्या मूळ रहिवाशांनी प्रार्थनेची फडकी बांधलेली. स्टर्जिसजवळच्या बेअर ब्यूटवरही तशीच आहेत. लाकोटा आणि शायेन लोकांसाठी तो डोंगर पवित्र आहे, त्यामुळे त्याच्या बाजूने जाताना रेव्ह मारायची हौस आवरा, फोटोतही ती फडकी घेऊ नका.

राहिलं काय, तर बॅडलँड्स लूप, म्हणजे ओसाड, झिजलेल्या टेकड्यांतला रस्ता. दोन वर्षं झाली, दोन्ही वेळा उन्हाच्या भीतीने टाळला, सावलीचं झाड नाही तिथे. पुढच्या वेळी संध्याकाळी वॉल गावात मुक्काम आणि पहाटे उगवतीला लूप. कोणी पूर्वेकडून पश्चिमेला मारलाय का, ऊन पाठीवर ठेवून? असेल तर सांगा, परत आरशात बघायची वेळ नको.