डीएमडीवर हिरवा लेझर मारला की चार ठिपके का पडतात

जुन्या डीएलपी (चिपवरच्या बारक्या आरशांनी चित्र पाडणाऱ्या) प्रोजेक्टरमधल्या डीएमडी म्हणजे त्या आरशांच्याच चिपवर लेझर मारून बघायचा कुणाचा विचार असेल तर आधीच सांगतो, ती साध्या आरशासारखी वागत नाही. तसे आरसेच आहेत तिच्यात, ०.७ इंची चिपवर १०२४ गुणिले ७६८ म्हणजे ७,८६,४३२ आरसे, आणि प्रत्येक आरसा स्वतःच्या कर्णाभोवती एकतर इकडे १२ अंश कलतो नाहीतर तिकडे १२ अंश, चालू असताना मधलं काही नाही. आपल्या सोलापुरी चादरीच्या जकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या यंत्रावर, हूक एकतर वर नाहीतर खाली, तसंच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेकनं १९८७ साली ही चिप काढली. बल्बच्या उजेडात सगळं गुमान चालतं, कारण पांढऱ्या उजेडात सगळे रंग एकमेकांत मिसळून जातात आणि कुणाला काही कळत नाही. लेझर एकाच रंगाचा, त्यामुळे १३.६८ मायक्रॉनवर ओळीनं लावलेले हे आरसे म्हणजे त्याच्यासाठी सरळसरळ ग्रेटिंग, म्हणजे उजेड ठराविक दिशांनाच ठिपक्या-ठिपक्यांत फोडणारी जाळी.

सोलापुरात नवी पेठेत मित्राचं प्रोजेक्टर रिपेअरिंगचं दुकान आहे, तिथं रात्री शटर अर्धं ओढून बसलो होतो. लॅम्पशिवाय बोर्ड चालू कसा करायचा ते त्यानं केलं, त्यात मी हात घालत नाही. आरसे कर्णाभोवती कलतात म्हणून लेझरपण कर्णाच्या दिशेनंच यायला पाहिजे, मग एकतर लेझर उंचावर तिरका बांधा नाहीतर चिपच ४५ अंशात फिरवा, आम्ही चिप फिरवली, बोर्ड तिरपा लटकलेला. लॅपटॉपवरून पूर्ण पांढरं चित्र दिलं, म्हणजे सगळे आरसे एकाच बाजूला कलले, आणि चिपच्या सरळ समोरच्या रेषेपासून २४ अंशातून लाल पॉइंटर मारला, समोर दोन मीटरवरच्या भिंतीवर एक झकास ठिपका आणि आजूबाजूला पुसट ठिपक्यांची जाळी. मग त्याच जागी हिरवा लावला तर एकाच्या ऐवजी चार ठिपके, चौकोनात, साधारण सारख्याच उजेडाचे, आणि शेजारच्या दोन ठिपक्यांत जेमतेम आठ सेंटीमीटर अंतर.

मित्र म्हणाला, "काय बे, आरसे वाकले का काय ह्याचे?"

वाकले नव्हते. कर्णाच्या दिशेनं बघितलं तर ओळींमधलं अंतर १३.६८ भागिले वर्गमूळ दोन, म्हणजे ९.६७ मायक्रॉन. त्याला २४ अंशाच्या साइननं गुणलं की ३.९३ मायक्रॉन येतात, आता ह्याला लेझरच्या वेव्हलेंग्थनं भागा. लाल ६५० नॅनोमीटरला उत्तर ६.०५, जवळजवळ पूर्णांक, म्हणून बहुतेक सगळा उजेड सहाव्या ऑर्डरमध्ये, म्हणजे जाळीतल्या सहाव्या नंबरच्या ठिपक्यात गेला. हिरव्या ५३२ ला उत्तर ७.४, धड सात नाही धड आठ नाही, मग आरशांच्या आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना उजेड सात-आठमध्ये विभागून चौघांत वाटला जातो. आरशाचा उजेड एखाद्या ठिपक्यावर नेमका पडतो की नाही, ह्यालाच ब्लेझ जुळणं किंवा न जुळणं म्हणतात.

आणि मग लाइट गेली. पॉइंटर सेलवरचा, तो चालूच, अन् अंधारात सगळा उजेड भिंतीवर जवळजवळ नव्वद सेंटीमीटर बाजूला उडाला! पॉवर गेली की आरसे कललेले राहत नाहीत, सपाट होतात, त्यामुळे तसं होणारच. पण मजा अशी की जाळी जागची हलली नाही, जुन्या जागचे चार ठिपके फक्त फिके पडले होते. ठिपके कुठं पडणार हे आरशांमधलं अंतर, लेझरचा रंग आणि तो कुठून येतो ह्यावर ठरतं, आरशाचा कल फक्त एवढंच ठरवतो की त्यातल्या कुठल्या ठिपक्याला उजेड द्यायचा. पुस्तकात वाचून हे माझ्या डोक्यात कधी बसलं नव्हतं.

एक सांगायचं राहिलं, चिपवरच्या झाकणाच्या काचेवरून परतणारा ठिपकापण सपाट आरशांच्याच जागी पडतो, त्याला धरून हिशोब करू नका. बंद, म्हणजे उलट्या बाजूला कललेल्या आरशांचा उजेड तर अजून लांब जातो, तिकडं काळा पत्रा लावा आणि कुणाला उभं करू नका. स्वस्तातल्या हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारा इन्फ्रारेडपण गळतो, त्यात सोलापूरचा मे महिना, गरम झाला की त्याचा उजेड कमीजास्त होत राहतो, मोजमाप करायचं असेल तर वैतागच.

हिरव्यावर उपाय आहे, लेझर २४ ऐवजी साधारण ३४ अंशातून आणायचा, मग ३४ च्या साइनमधून १० चा साइन वजा करून (उजेड तेवढा तिरका निघतो) हिशोब बरोबर सातवर येतो. लाइट आल्यावर आम्ही चिप हळूहळू फिरवत गेलो तसा चारातला एक ठिपका उजळत गेला आणि बाकीचे तीन विझल्यासारखे झाले. पण मग तो उजेड चिपच्या समोर सरळ न येता दहा अंश तिरका निघतो, प्रोजेक्टरची मूळ लेन्स वापरायची म्हटलं तर ती त्याला कापते. हिरवाच लेझर वापरायचा असेल तर माझ्या मते ७.६ मायक्रॉनवाली छोटी चिप बघा, तिच्यात २४ अंशालाच उत्तर ४.१ च्या आसपास येतं.